पूर्वजांचा पुरावा आणि आमचा खड्डा

प्रति,
मा. पुरातत्त्व परवाना अधिकारी,
जिल्हा कार्यालय, दक्षिण ऑरेगॉन

विषय : घरामागे शौचखड्डा खणू देण्याबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : आपले पत्र, "काम तात्काळ थांबवावे."

महोदय,

मी, लिओटा ड्रायक्रीक, पायूट या इथल्या मूळ आदिवासी जमातीची असून जॅकरॅबिट गुहेच्या पायथ्याशी नवऱ्यासह राहते. वसंतात आमच्या शौचालयाची टाकी खचली. नवा खड्डा खणताना काळ्या काचदगडाचे, प्राचीन माणसाने घडवलेले पाते निघाले. ते मी आपणांस कळवले आणि प्रामाणिकपणा अंगाशी आला. आपण खड्ड्याभोवती दोरी बांधलीत. दुसरीकडे खणले, तिथे जुनी चूल निघाली; तिथेही दोरी. कपडे वाळत घालण्याची मात्र उत्तम सोय झाली आहे.

यंदा गुहेत उत्खनन करणाऱ्या डॉ. पेल्कीबाईंना माणसाची वाळलेली विष्ठा सापडली. चौदा हजार वर्षांपूर्वीची, या अमेरिका खंडात माणूस आल्याचा सर्वांत जुना पुरावा, असे त्या म्हणतात. माझी आजी जन्मभर सांगत होती, "आम्ही पहिल्यापासून इथलेच." तिच्या शब्दावर बसला नाही तो विश्वास पूर्वजांच्या विष्ठेवर बसला, याचे मला वाईट वाटते.

उत्खननवाल्यांचे प्लास्टिकचे शौचालय वापरू का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, "नको हो आजी. तुमचा डीएनए नमुन्यात मिसळला तर घोळ होईल. तुम्ही त्यांच्याच वंशातल्या ना." आमचा वंश मान्य झाला तो असा. हंगाम संपताच ते शौचालयही ट्रकवर चढवून नेले.

माझे यजमान वेंडल हृदयविकारामुळे लघवीची गोळी घेतात. बर्फ पडू लागला आहे. परवा ते झुडपाआड घसरून पडले. मी उठवत असताना म्हणाले, "लिओटा, मी मेलो तर मला इथं पुरायच्या भानगडीत पडू नकोस. तेवढंही खणू देणार नाहीत." मी हसले, आणि मग मला रडू आवरेना.

तरी जमीन गोठण्यापूर्वी परवानगी मिळावी. न मिळाल्यास आम्ही दोघे त्याच गुहेत, त्याच कोपऱ्यात शौचाला जाऊ. जागा कोरडी आहे, वारा लागत नाही. पूर्वजांना जागेची पारख होती. शिवाय आम्हीही इथलेच होतो, हे पुढे कोणाला तरी सिद्ध करावे लागेलच.

आपली नम्र आणि पहिल्यापासून इथलीच,
लिओटा ड्रायक्रीक
दि. ४ नोव्हेंबर

सोबत : १) वेंडल यांच्या डॉक्टरांचे पत्र.
२) पुरावा जोडलेला नाही. तो जागेवर येऊन घ्यावा.