अकरा नंबरची शेवंती

५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या उद्यान मंडळाची उरलीसुरली अक्कलही गेली आहे. त्यांनी तुला वार्षिक प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. चिटणीस काल दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला आले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले की, यंदा शेवंती तपासायला बियाणे तपासणी कचेरीच्या निवृत्त प्रमुख बाई येणार, बाहेरगावच्या, म्हणजे कोणाच्या ओळखीपाळखीचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, ती माझी सख्खी थोरली बहीण. त्यांचा चेहरा उतरला. पण पत्रकं छापून झाली होती, आणि एकदा छापलेलं बदलण्यापेक्षा आमचं मंडळ बुडणं पसंत करेल.

इथे सगळं नेहमीप्रमाणेच चालू आहे. गेली सहा वर्षं शेवंतीच्या पहिल्या नंबराची ढाल दंतवैद्यांच्या दवाखान्यात लटकते आहे. झाडं त्यांचा माळी वाढवतो, फूल त्यांचा कंपाउंडर उचलून आणतो, आणि डॉक्टर फक्त फोटोला उभे राहतात. त्यांना शेवंती आणि झेंडू शेजारी ठेवून विचारलं तर ते दोघांनाही तोंड उघडायला सांगतील.

तुला माहीतच आहे, सतरा वर्षं मी शेवंती मांडतो आहे. दुसरा आलो, तिसरा आलो, दोनदा उत्तेजनार्थ म्हणून पेन मिळालं. पहिला कधी आलो नाही. यंदा शेवटची संधी आहे, कारण नव्या वर्षात घरमालक दुकानामागच्या अंगणात गोदाम बांधणार आहेत. घरात एक कुंडी ठेवायची तर आम्हा दोघांपैकी एकाला बाहेर झोपावं लागेल. ढाल एकदा तरी आपल्या भिंतीवर असावी, एवढंच मनात आहे. हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही. दडपणाने तू कोणाचं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

तुझी भावजय नमस्कार सांगते. लोभ असू दे, फक्त मांडवात तो दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा


१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी येणार आहे. आमंत्रण स्वीकारताना तू स्पर्धेत आहेस हे मला चांगलं ठाऊक होतं. पण सतरा वर्षांत तू पहिला आला नाहीस, तेव्हा यंदाच येशील अशी भीती मला वाटली नाही.

तुझी प्रदर्शनं मी शाळेपासून बघते आहे. तिसरीत असताना तू स्वतः पिकवलेला म्हणून एक मुळा मांडला होतास, आणि त्याच्या पाल्याला भाजीवाल्याची सुतळी तशीच होती. गुरुजींनी विचारल्यावर झाड आधाराला बांधलं होतं असं सांगितलंस. मुळ्याला आधार! आपले वडील आठवडाभर हसत होते आणि मला मात्र वर्गात तोंड वर करायची सोय राहिली नव्हती.

म्हणून आता नीट ऐक. मांडवात मला फक्त नंबर दिसतील, नावं दुमडलेल्या चिठ्ठीत असतील. तेव्हा रंग, जात, आकार, यातलं एक अक्षर मला लिहायचं नाही. चाळीस वर्षं मी त्या कचेरीत बसले आणि पोतं कोणाच्या शेतातून आलं हे न बघता बी नापास केलं. आमदारांच्या मेव्हण्याचं केलं, माझ्या स्वतःच्या नणंदेच्या दिराचंही केलं. एवढं सगळं करून म्हातारपणी कोणी म्हणालं की बाईंनी भावाला ढाल दिली, तर ते मी ऐकून घेणार नाही. तुझं फूल मला ओळखू आलंच, तर मी ते दुप्पट कडक तपासेन, हे आधीच सांगून ठेवते.

भावजयीला गुडघ्याचा पट्टा पाठवते आहे. तो तिच्यासाठी आहे, कुंड्या बांधायला वापरू नकोस. माया आहेच, पण तिचा शेवंतीशी काही संबंध नाही.

तुझी,
ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बजावलंस म्हणून शेवंतीबद्दल मी चकार शब्द लिहिणार नाही. ती पिवळी आहे, पाकळ्या सगळ्या आत वळलेल्या आहेत आणि काल पट्टी लावली तर माझ्या पंजाएवढी भरली. हेही लिहायचं नव्हतं, पण आता शाईने लिहून झालं आणि खोडाखोड केलेलं पत्र तुला आवडत नाही.

बाकी बातम्या म्हणजे, बँकेचे मॅनेजर यंदा भोपळा मांडणार आहेत. रोज संध्याकाळी त्याच्यावर ओलं फडकं घालून बसतात. त्यांची बायको दुकानात येऊन सांगत होती की, ती तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या कपाळावर एकदाही फडकं आलं नव्हतं. दंतवैद्यांच्या माळ्याने गेल्या महिन्यात नोकरी सोडली, त्यामुळे डॉक्टर स्वतः झाडांना पाणी घालत आहेत असं ऐकतो. झाडांची काळजी वाटते.

आणि एक नवीन शहाणा निघाला आहे. समोरचा बेकरीवाला. याने आयुष्यात पावाशिवाय काही फुगवलेलं नाही, आणि आता म्हणे मोठ्या फुलाची शेवंती मांडणार. परवा येऊन मला विचारतो, बाजूच्या कळ्या का काढायच्या, त्या बिचाऱ्यांनी काय केलं? मी हसून हसून लोळायचा बाकी होतो. म्हटलं, बाबा रे, एका देठाला एकच फूल ठेवायचं, बाकी सगळ्या कळ्या नखाने खुडायच्या, मग सगळा रस त्या एकात उतरतो. त्याने ते पिठाच्या हातांनी वहीत लिहून घेतलं. नंतर रोज काहीतरी विचारायला येतो. पाणी कधी, सावली किती, काठी कुठे रोवू. मीही सांगतो. गिऱ्हाईक नसताना करमणूक होते.

तेव्हा बावीस तारखेला भेटूच. लोभ परीक्षण संपेपर्यंत घडी करून ठेवावा, नंतर उलगडावा.

तुझा,
धाकटा


८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र ‘चकार शब्द’ इथपर्यंत वाचलं. तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे पुढचं न वाचता फाडून टाकलं. त्यात घरातलं काही महत्त्वाचं असेल तर भावजयीने वेगळ्या कार्डावर कळवावं.

मी सकाळच्या गाडीने येईन, फुलं तपासेन आणि चिठ्ठ्या उघडायच्या आत दुपारच्या गाडीने परत जाईन. मला भेटायला मांडवाच्या आसपास घुटमळू नकोस. जेवणाचा डबा मी बरोबर आणणार आहे.

तुझी,
ताई


२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिला आहे, त्याला फार किंमत देऊ नकोस.

तू गाडीत बसलीस आणि इकडे चिठ्ठ्या उघडल्या. शेवंतीत पहिला नंबर माझा. सतरा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, आणि चिटणीसांनी ढाल हातात देताना माईकवरूनच सांगितलं की परीक्षक बाई आमच्या चष्मेवाल्यांच्या सख्ख्या भगिनी, तेव्हा नजर कशी चोख! मांडव हसला. दंतवैद्य टाळ्या वाजवत होते, सावकाश, एकेक. मॅनेजरीण बाई तुझ्या भावजयीला म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. ती बिचारी पदराने तोंड पुसत उभी होती. मी ढाल मॅनेजरांच्या भोपळ्याशेजारी ठेवली आणि घरी आलो. मागाहून कोणीतरी ती दुकानात आणून टाकली. ती काउंटरखाली आहे, तोंड भिंतीकडे करून.

आता मला सांग, हे तू का केलंस? जे फूल मी मांडणार होतो ते मांडलंच नाही. आदल्या दिवशी चिमटा आणि भिंग घेऊन पाकळ्या सारख्या करायला बसलो. एक पाकळी डागाळलेली होती, ती उपटली. मग त्या बाजूला फट दिसायला लागली, म्हणून समोरची एक उपटली. मग डावीकडे भरगच्च वाटलं. तासाभराने माझ्या हातात फूल नव्हतं, टक्कल होतं. नाइलाजाने कोपऱ्यातली मरून रंगाची शेवंती कापून नेली. त्या मरूनचं रोप तूच मला आठ वर्षांपूर्वी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतंस. आधीच्या फुलाबद्दल मी लिहिलं होतं, पण ते पत्र तर तू न वाचताच फाडलंस. म्हणजे तुला एवढंच कळलं की हे आपलं मरून, म्हणजे हा आपला धाकटा, म्हातारा झाला, अंगण चाललं, देऊन टाकू बिचाऱ्याला.

ताई, सतरा वर्षं मी माझ्या हिमतीवर हरलो आहे. दरवर्षी घरी येताना वाईट वाटायचं, पण मान खाली नसायची. ती यंदा खाली गेली. मला तुझी कीव नको होती. मला पहिला नंबर हवा होता.

लोभाबद्दल सध्या काही लिहीत नाही.

धाकटा


२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, नको असले तरी.

तुझी कीव मी कधीच केली नाही, यंदाही नाही. उलट मी जे केलं ते त्याहून वाईट आहे. कचेरीत माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

तुझं पत्र मी फाडलं नव्हतं. पूर्ण वाचलं, आणि तेही तीनदा. पिवळी, पाकळ्या आत वळलेल्या, पंजाएवढी. मनाई मीच केली होती आणि चोरून वाचलंही मीच. त्या दिवशी मांडवात शिरले तर टेबलावर चौदा फुलं होती. त्यात मरून तीन होती. मी वाटलेली रोपं अर्ध्या जिल्ह्यात आहेत, त्यामुळे मरूनवरून मी कोणाला काय ओळखणार? पण पिवळं एकच होतं, अकरा नंबरचं. दारातूनच दिसलं. पाकळी ना पाकळी जागेवर, देठ सरळ, पानं अगदी खालपर्यंत हिरवी. धाकट्या, चाळीस वर्षांत मी इतकं चांगलं वाढवलेलं फूल बघितलं नव्हतं. मनात पहिलं आलं ते हेच की, जमलं आमच्या धाकट्याला. इतकं चांगलं फूल त्या टेबलावर दुसऱ्या कोणाचं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी तिथे उभी राहून डोळे पुसले. चिटणीसांनी विचारलं तर सर्दी झाली म्हणून सांगितलं.

आणि मग मला भीती वाटली. लोक काय म्हणतील, माझ्या नावाचं काय होईल. तुझी शेवटची संधी आहे हे माहीत असून मी अकरा नंबरला पहिला दिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. शेऱ्याच्या कार्डावर ‘देठ कमकुवत’ असं लिहिलं. धडधडीत खोटं. आयुष्यातला माझा पहिला खोटा शेरा. राहिलेल्यांत जे बरं होतं त्याला पहिला नंबर दिला. ते तुझं निघालं. दुपारची गाडी ठरलेलीच होती, पण तुला तोंड दाखवायला नको म्हणून मी पळतच ती गाठली.

तेव्हा तुला ढाल माझा भाऊ म्हणून मिळाली नाही, एवढं खरं. पण ती तुझी नाही, हेही तितकंच खरं. तुझं मरून प्रामाणिक दुसऱ्या नंबरचं होतं. अकरा नंबर कोणाचा ते मला ठाऊक नाही आणि त्या माणसाची माफी कशी मागायची तेही कळत नाही. चिटणीसांना सगळं लिहून पाठवलं आहे. तुझं काय नुकसान झालं ते मला कळतं आहे. रागावलास तर रागाव.

तुझी,
ताई


५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार पूर्ण लिहिला आहे, बघितलास ना?

चिटणीसांनी तुझं पत्र मंडळापुढे ठेवलं. दोन तास चर्चा झाली, चहा दोनदा आला आणि असं ठरलं की निकाल अहवालात छापायला गेलेला असल्यामुळे तो बरोबर आहे. म्हणजे मंडळाच्या हिशेबी ढाल माझीच. मला वाटलं होतं तेवढे हे लोक मूर्ख नाहीत, त्याहून जास्त आहेत.

अकरा नंबर बेकरीवाल्याचा.

मी दोन दिवस ढालीकडे बघत बसलो. काउंटरखालून काढली, भिंतीला लावून बघितली, तुझ्या भावजयीला दुरून दाखवली. ती दाराआडचं रिकामं पोतं झटकायला लागली, आणि तीस वर्षांच्या संसारानंतर त्याचा अर्थ काय हे मला कळतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ढाल पोत्यात घालून समोर गेलो. बेकरीत पावासाठी रांग होती. तो घेईना. त्याला वाटलं मी नेहमीसारखी थट्टाच करतो आहे. मग मला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगावं लागलं की, याचं फूल माझ्यापेक्षा सरस होतं, याच्या फुलाच्या देठात काही खोट नव्हती आणि परीक्षक बाई चुकल्या. हे वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं, कारण मागच्या म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं. दंतवैद्यांच्या घरचं माणूस रांगेत होतं, तेव्हा गावभर झालंच असणार. बेकरीवाल्याने हात पुसले, ढाल घेतली आणि सगळं तुम्हीच शिकवलंत म्हणून सांगायला लागला. मी निघून आलो. रडणारे बाप्ये मला बघवत नाहीत.

अंगण पुढच्या महिन्यात जाणार. कुंड्या वाटून टाकल्या. ढाल आपल्या भिंतीवर कधी लागणार नाही, आणि याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तू मात्र परीक्षक म्हणून पुन्हा कुठे जाऊ नकोस. त्या कामाला तू लायक नाहीस.

तुझं पत्र आलं तेव्हा ते तुझ्या भावजयीने मोठ्याने वाचलं. ‘दुसऱ्या कोणाचं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही,’ ही ओळ आली तिथे मी तिला थांबवलं. म्हटलं, नीट कळलं नाही, परत वाच. तिने वाचली. पुन्हा म्हटलं, चष्मा सापडत नाही, नाहीतर मीच वाचलं असतं, एकदा परत. तिने तेही केलं. मग म्हणाली की चष्मा तुमच्या नाकावर आहे, आणि चौथ्यांदा मी न सांगताच वाचली.

लोभ आता तुझ्या अक्षरात लेखी मिळाला आहे. तो वाढवायची तसदी घेऊ नकोस, आहे तेवढा मला पुरेल.

तुझा,
धाकटा