सूचक : धम्मपाल ग्यानबा

दि. १७ जून १९७८, शनिवार

प्रिय देवमनदादा,

खाणीवरून तुहं कार्ड पोचलं. दोनच ओळी होत्या, तरी बाबानं माह्याकून तीनदा वाचून घेतल्या. मायनं इचारलं, मांगच्या बाजूले काई लिवलं नाई काय? मी कार्ड पालटून तिले पत्ता दाखोला. वहिनी चुलीपाशी होती. भाकर थापता थापता तिचा हात थांबला अन् मंग पुन्हा सुरू झाला.

माहं मॅट्रिक झालं तसा मी घरीच हाये. अकोल्याच्या मिशनच्या शाळेतून आलो तेव्हा वाटलं होतं, महिन्याभरात कुठंतरी चिकटीन. इथं इंग्रजीचं काम म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचून सांगणं. मंग संध्याकाळी ट्रान्झिस्टर कानाले लावून लंडनच्या बातम्या ऐकतो. तुले मालूम हाये, शाळेत आमी पार्लमेंट भरवायचो अन् त्यात मी दोन वर्षं विरोधी पक्षनेता होतो. तवापासून ते येडच लागलं. लंडनच्या पार्लमेंटात प्रधानमंत्र्याले बी उभं राहून उत्तर द्या लागते. सवाल आधी लेखी द्यायचा, मंग सभेत त्याले टाळता येत नाई. मले हे लय भारी वाटते दादा, अजून बी वाटते.

या आठवड्यात तिथं मोठा गदारोळ होता. रुमानिया नावाच्या देशाचे अध्यक्ष राणीचे पाव्हणे म्हणून आलते. राजवाड्यात मुक्काम, घोड्याच्या बग्गीतून मिरवणूक. त्याईच्या राज्यात सरकारच्या विरोधात तोंड उघडलं का जेल. मंग तिथलेच काई लोकं इचारून राह्यले, का असा माणूस आपल्या राणीच्या घरी कायले? अन् दुसरे म्हणून राह्यले, थो आपली विमानं घेणार हाये, आपल्या कारखान्यातल्या लोकाईले काम भेटन, तुमी गप बसा. मी हे विहाराच्या पायऱ्यावर सगळ्याईले समजावून सांगतलं. शेजारची बेबीताई म्हणे, राणीच्या घरी एवढा पाव्हना आला तं चूल कोन फुकते रे? सारे हासले. बाबा म्हणाला, कोनाच्या घरी कोन पाव्हना, तुले काय पडलं? मी म्हटलं, पडलं पायजे. मले त्या वक्ती काय मालूम, का आपल्या गावात बी तेच होऊन राह्यलं.

कारण मंगळवारी सरपंच मारोतरावानं दवंडी देली. येत्या गुरुवारी, २२ तारखेले, साहेब येऊन राह्यले, आपल्या बौद्धवाड्यातल्या नळाच्या टाकीचा नारळ फोडाले. कोणते साहेब ते तुले लिवायची गरज नाई. आता त्याईचा पक्ष दुसरा हाये, टोपी तीच हाये. रिसोडच्या बाजारातून तुले लॉरीत बसोलं तेव्हा ते रस्त्याच्या कडीले जीपमंधी बसून होते, अन् आकडा पुरा करा एवढंच म्हणत होते, हे मले बाबाच्या तोंडून नाई, बाजारातल्या चार लोकाईकून समजलं. बाबा तं आजवर एक शब्द बोलला नाई. तुहं लगन होऊन दीड वर्ष झालतं, मूल बी नोहोतं, अन् तुले नसबंदीच्या कॅम्पात नेलं, तवाचा तू खाणीवर निंघून गेला थो घरी आला नाई. मी तेव्हा अकोल्याच्या होस्टेलात होतो. त्याच आठवड्यात लोकशाहीवर भाषण करून कप जिंकला होता. थो कप अजून बी फळीवर हाये. मायनं त्यात मीठ ठेवलं.

मंग म्या काय केलं ते सांगतो. लंडनच्या रीतीनं तीन सवाल लेखी लिवले. पाव्हणे दोन वर्षाआधी बाजारात हजर होते काय? कोणाच्या हुकमानं होते? अन् त्याचं उत्तर भेटेपर्यंत गावानं त्याईचं स्वागत करावं काय? भाषा एकदम अदबीची ठेवली. 'सन्माननीय पाव्हणे', 'कृपया खुलासा व्हावा', असं सारं. एक बी वाकडा शब्द नाई, कारण तिथं वाकडा शब्द वापरला का सवालच बाद होते. ग्रामसेवक लखीरामजीच्या टेबलावर कागद ठेवला अन् पोच घेतली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. रजिस्टरवर सही केली अन् समोरच्या सतरंजीवर जाऊन बसलो. भलताच खुशीत होतो. मारोतराव उभे राहून म्हणाले, ग्यानबाच्या पोट्ट्यानं पाव्हण्याबद्दल लेखी देल्लं, वाड्याचं पोरगं एवढं शिकून पुढं आलं, टाळ्या वाजवा. टाळ्या वाजल्या. मी उठलो तोपर्यंत चहा आला. चहा आला का सभा संपते, हे मले अकोल्याच्या शाळेत शिकोलं नोहोतं.

काल ऑफिसात जाऊन ठरावाचं बुक पाह्यलं. 'साहेबांचे गावातर्फे जाहीर स्वागत करण्यात यावे. सूचक : धम्मपाल ग्यानबा. अनुमोदक : माणिकराव. ठराव एकमताने मंजूर.' लखीरामजीले म्हटलं, हे काय केलं तुमी? थो माणूस बेइमान नाई दादा. त्यानं चष्मा वर केला अन् म्हणाला, बावा, ठरावाले सूचक लागते. पाव्हण्यावर तुहाच एक कागद आलता. पंधरा वर्षं झाली मले, पाव्हना येऊ नये म्हनून कोनी कागद देल्ला नाई, मंग म्या काय समजाव? त्यानं माहे सवाल वाचलेच नोहोते. 'सन्माननीय पाव्हणे' एवढंच वाचलं अन् फायलीत लावलं. मारोतरावानं मात्र पुरे वाचले असतीन. कारण पत्रिका छापून आली, त्यात खाली हाये, 'स्वागतपर भाषण : कु. धम्मपाल, इंग्रजी शाळेचे विद्यार्थी.'

मी मारोतरावाले म्हटलं, नाव खोडा, नाई तं मी त्याच स्टेजवर खरं काय ते बोलतो. तुहं नाव घेऊन बोलतो. हे सांज होईपर्यंत साऱ्या वाड्यात पसरलं. सारे घरासमोर जमा झाले. माणिकराव म्हणाला, वाड्यातली हीर पूस महिन्यात आटते, तुले अकोल्यात नळाखाली बसून काय समजन? खरंच हाये ते. पाच महिने माय अन् वहिनी वरच्या हिरीवर जातेत अन् कोणी पोहरा वतून देईन म्हणून दूर उभ्या राहतेत. टाकी झाली का ते बंद होते. साहेबाची सही झाली का टाकी होते. बेबीताई तं डोक्यावरचा पाण्याचा रिकामा गुंडच माह्यासमोर आपटून उभी राह्यली. म्हणे, तुह्या राणीले विमानं इकाचे होते, तं तिनं पाव्हना कोन हाये ते पाह्यलं काय? मंग आमालेच काहून नियम शिकवतं? आमाले पानी पायजे.

लंडनात ज्याईनं विरोध केला, त्याईच्या घरी संध्याकाळी नळ चालूच असन. इथं मी बोललो तं पाणी जाते, अन् नाई बोललो तं बुकात सूचक म्हणून माहं नाव जलमभर राहते. पळून जाव म्हटलं तं बाबानं माही पेटी मारोतरावाच्या घरी नेऊन ठेवली. गुरुवारनंतर भेटन म्हणे. कालपासून कोठ्यातल्या बैलावानी तेवढ्याच जागेत फिरून राह्यलो. भाषणं दोन लिवली. एक वाचलं का शरम वाटते, दुसरं वाचलं का मायचा चेहरा दिसते.

आज सकाळी अजून एक झालं. मारोतरावाची बायको प्रयागबाई पातळ घेऊन आली. पाव्हण्याच्या सामने कळस घेऊन पाच बाया उभ्या करायच्या हायेत, त्यात वाड्यातली एक पायजे, अन् तुमची सून रुख्मिणी नीटनेटकी हाये, असं म्हणे. मायनं पातळ घेतलं. काय करन ते? वहिनीनं त्याची घडी मोडली नाई. प्रयागबाई गेल्यावर मी वहिनीले म्हटलं, तुमी फिकीर नका करू, मी स्टेजवर सारं सांगतो, दादाच्या नावानिशी. मले वाटलं तिले बरं वाटन.

दादा, दोन वर्षात वहिनीचा आवाज असा चढलेला म्या ऐकला नोहोता. म्हणे, भावजी, खानीवर त्याईनं कोनाले सांगतलं असन असं वाटते काय तुमाले? तिथं ते दहा मानसात जेवतेत, झोपतेत. तुमी बोलसान, पेपरात छापून येईन, मंग त्याईनं कुठं जाव? अन् माहं तं नावच नाई यात. तुमी इचारलं काय आमाले? त्या दिवशी बी लॉरीत बसोताना कोनी इचारलं नोहोतं. लेखी सवाल पाव्हण्याले केले, सरपंचाले केले, घरातल्या माणसाले एक बी केला नाई.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाई, वहिनीच्या हाती देतो, ती कोणाकून तरी तुह्यापर्यंत आत पाठवन. उद्या सकाळच्या एस.टी.नं वहिनी वाशीमले निंघून राह्यली. तिथून अकोला, वर्धा अन् मंग बल्लारशाची गाडी. मायले तिनं सांगतलं, माहेरी चालली. पातळ घडीसकट फळीवर हाये. तिनं मले दोनच ओळी लिवाले सांगतल्या होत्या, का ती येऊन राह्यली, कळस घेऊन ती उभी राहणार नाई, अन् लेकरू नसलं तरी तिले चालते, तू नसलेला चालत नाई. बाकीचं सारं म्या लिवलं, कारण मले तुले इचाराचं हाये. गुरुवारी तुहं नाव घेऊ काय? हो का नाई, एका शब्दाची तार कर. नाई म्हटलं तं मी स्टेजवर उभा राहून पाव्हण्याले हार घालीन अन् तुह्यावर राग धरणार नाई. पण तार करायच्या आधी दार उघड. वहिनी बाहेर उभी हाये.

तुहाच लहाना,
धम्मपाल