मौनातली पसंती

गोरेगाव,
५ डिसेंबर १९८३

ती. जानकीताईस,
सुनंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. क्षमासाठी आलेलं दुसरं स्थळही मुलगी फार बोलते म्हणून परत गेलं, हे वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आश्चर्य नाही वाटलं. पोरगी दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांशी बोलते आणि घरी येऊन त्या बोलण्याबद्दल बोलते. मला भाची म्हणून ती फार आवडते, पण सून म्हणून मीसुद्धा विचार केला असता.

आता नीट वाच. आमच्या ह्यांचं नवं खूळ तुला माहीत आहे. जन्मभर बरणीतला बेडूक दाखवून जीवशास्त्र शिकवलं, आणि उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून ह्यांना निसर्गाचा साक्षात्कार झालाय. जीवशास्त्र शिक्षकांचं मंडळ काढलंय, हे त्याचे चिटणीस. रविवारी सहकुटुंब निसर्गसहल असते. सहकुटुंब अशासाठी की डबे कुटुंबाला करावे लागतात.

येत्या रविवारी आरे कॉलनीत जायचंय. घाटकोपरच्या एका शाळेत शिकवणारा चंद्रप्रकाश म्हणून मुलगा येतो, या वेळी त्याची आई रत्नप्रभाबाईही येणार आहे. मुलगा निर्व्यसनी, दिसायला बरा, फक्त पक्ष्यांकडे बघतो. तू आणि क्षमा या. बघण्याचा कार्यक्रम आहे असं कुणाला वाटणार नाही आणि बघणं होऊन जाईल.

मंडळाचे नियम कडक आहेत. कपडे मातीच्या नाहीतर पानाच्या रंगाचे, गजरा नको, पावडर नको, आणि नाश्ता होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, पाखरं उडतात. नाश्त्यानंतर बोलता येतं, तेव्हा क्षमाने बेताने बोलावं. भाऊजींच्या गुडघ्याला तेल चोळते आहेस ना?

तुझा लोभ आहे तो या सहलीनंतरही टिकावा, एवढंच मागणं.

तुझी,
सुनंदा


मुलुंड,
१३ डिसेंबर १९८३

चि. सौ. सुनंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सहलीला आपण शेजारी बसलो होतो, पण बोलता आलं नाही, म्हणून पत्रातून बोलते.

क्षमाला मी शेवाळी पातळ नेसवलं. आरशात बघून ती म्हणाली की मुलगा मला झाडांतून ओळखणार कसा. झालंही तसंच. चंद्रप्रकाशने तिच्याकडे एकदाच पाहिलं, तेही तिच्या डोक्यावरच्या फांदीवर काहीतरी येऊन बसलं म्हणून.

नाश्त्यानंतर बोलायचं, या आशेवर पोरीने कळ काढली होती. नेमकी डबे उघडताना कुणाला तरी बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तकाची शेपटी दिसली, आणि तुझ्या नंदकिशोररावांनी हात वर करून मौन वाढवलं. पोहेसुद्धा चमचा न वाजवता खाल्ले. तो पक्षी काही आला नाही, पण येईल येईल म्हणून बस येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. घाटकोपरकरांची बस आधी आली. मी सुनेचा शोध घेणाऱ्या बाईला हात हलवून निरोप दिला, हे मला जन्मात विसरता येणार नाही.

एक मात्र मनापासून आवडलं. रत्नप्रभाबाई काय शांत आहेत गं. सकाळपासून एक शब्द नाही. क्षमाच्या हातावर लाडू ठेवला तोही मुकाट्याने. अशी सासू मिळाली तर माझी पोर सुखात राहील. घरात बोलणारं एकच माणूस असलं की भांडण होणार कुणाशी?

मुलांना पापे. पत्राला उशीर केलास तर माया कमी झाली असं समजेन.

तुझी ताई,
जानकी


गोरेगाव,
१७ डिसेंबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खाली बस आणि मग वाच. त्यांना मुलगी पसंत आहे.

काल मंडळाच्या बैठकीत चंद्रप्रकाशने ह्यांना सांगितलं, की आईला क्षमा फार आवडली. इतकी शांत मुलगी हल्ली शोधून सापडत नाही, असं त्या म्हणाल्या. स्वतःचं मत विचारल्यावर तो म्हणाला, तिच्यामुळे एकही पक्षी उडाला नाही. ह्यांच्या मते यापेक्षा मोठी शिफारस नसते.

मी ह्यांना म्हटलं, अहो, खरं काय ते सांगून टाका. हे म्हणाले, मुलीने मंडळाचा नियम पाळला, यात खोटं कुठे आलं. मला मात्र धाकधूक वाटते. ८ जानेवारीला बोरीवलीच्या नॅशनल पार्कात सहल आहे. त्या दिवशी पक्कं करू, असा त्यांचा निरोप आहे. काय करायचं ते कळव.

लोभ आहेच, धीरही ठेव.

तुझी,
सुनंदा


मुलुंड,
२४ डिसेंबर १९८३

चि. सौ. सुनंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आनंदाने रडले आणि मग क्षमाला सांगितलं, तिथे सगळं बिनसलं. ती म्हणते, एक रविवार गप्प बसले, जन्मभर नाही बसणार. मी म्हटलं, लग्न होईपर्यंत कळ काढ, मग बोल काय ते. तिने विचारलं, लग्नानंतर त्यांना कळलं आणि त्यांनी तोंड फिरवलं तर मी कुणाशी बोलू? मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी रागावले.

सुनंदा, हे तिसरं स्थळ गेलं तर नात्यागोत्यात पोरीवर कायमचा शिक्का बसेल. आणि मला ती रत्नप्रभाबाईंच्याच घरात पडायला हवी आहे. तेव्हा नंदकिशोररावांना सांग, या वेळीही तो स्वर्गीय नर्तक दिसायला हवा. नसला तरी दिसल्यासारखं करावं आणि दिवसभर मौन ठेवावं. त्या शिबिराचा घराला काहीतरी उपयोग होऊ दे.

तुझ्यावरच भिस्त आहे, अंतर देऊ नकोस.

तुझी ताई,
जानकी


मुलुंड,
९ जानेवारी १९८४

ती. सुनंदामावशीस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

आई कालपासून कुणाशी बोलत नाही, म्हणून पत्र मी लिहितेय. तू तापाने घरी राहिलीस आणि काका तुला फक्त पक्ष्याबद्दल सांगतील.

पक्षी आला. काकांनी खोटा हात वर करायच्या आधीच खरा आला. पांढरीशुभ्र लांब शेपूट, फितीसारखी. सगळे श्वास रोखून उभे होते. रत्नप्रभाबाई माझ्या शेजारी होत्या आणि त्यांनी गेल्या वेळसारखाच माझ्या हातावर लाडू ठेवला. तो लाडू मला खाववेना. हा गप्प मुलीसाठी होता, आणि मी ती नव्हते. मावशी, मला फार लाज वाटली. मी मोठ्यांदा सांगून टाकलं, की मी शांत नाही, मला गप्प बसताच येत नाही, दोन स्थळं यापायीच गेली, तिसरं गेलं तरी चालेल पण लाडू परत घ्या.

पक्षी उडाला. समस्त जीवशास्त्र माझ्याकडे वळलं. आईने पदर तोंडावर घेतला. आणि रत्नप्रभाबाईंनी माझा दंड धरून मला रस्त्यापलीकडे नेलं. मला वाटलं, आता वाट लागली.

तर त्या बोलायला लागल्या. मावशी, मी ऐकत राहिले, यावरून काय ते समज. त्यांचे यजमान दिवसातून दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक मिठाबद्दल असतं. मुलगा वडिलांवर गेलाय. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या भिंतींशी बोलायच्या, आता कुकरशी बोलतात. म्हणून त्यांना गप्प मुलगी हवी होती. बोलकी पोर या घरात सुकून जाईल, दुसऱ्याच्या लेकीचं तसं करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. हे सांगताना त्यांचे डोळे भरले आणि माझेही. मग त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजबद्दल विचारलं. एक गिऱ्हाईक रोज चुकीचा नंबर मागून माझ्याशीच भांडतं, ते सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की झाडावरची माकडंसुद्धा सरकून बसली.

वळून बघते तर चंद्रप्रकाश. हाकेच्या अंतरावर उभा राहून आमच्याकडे दुर्बिणीतून बघत होता. काय दिसतंय, असं मी विचारलं. डावीकडे तांबट पक्षी बसलाय म्हणून सांगावं, त्या सुरात तो म्हणाला, आई हसतेय. मग दुर्बीण खाली घेतली आणि पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. मला सुचलं. मी म्हटलं, रोज संध्याकाळी घरात बसून आधी आईशी आणि मग माझ्याशी बोलायचं, विषय पक्षी सोडून. सवय नाही, पण करून बघतो, तो म्हणाला. मग मी लग्नाला हो म्हटलं.

आईला वाटतंय मी सगळं घालवलं. परोपरीने सांगतेय की लग्न ठरलं, पण ती ऐकूनच घेत नाही. रत्नप्रभाबाई शांत नाहीत, याचाच तिला जास्त धक्का बसलाय. तू ये आणि तिला बोलतं कर.

शनिवारी संक्रांतीला रत्नप्रभाबाईंनी मला घाटकोपरला तिळगुळाला बोलावलंय, पोटभर बोलायला सकाळीच ये म्हणाल्यात. चंद्रप्रकाश घरी असणार आहे का, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.

बडबड सोसलीस, माया तशीच ठेव.

तुझी,
क्षमा