फळीवरचा पाय

१७ जून २०१२, लातूर
कृत्रिम पाय बनवणाऱ्या सुदर्शनने आज माप घेतलं. गुडघ्याखाली उरलेल्या माझ्या डाव्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या, घट्ट झाल्यावर कवच अलगद काढलं, त्यात प्लास्टर ओतून साचा केला. या साच्यावर कार्बन फायबरचं काळं कापड चढवायचं, त्यात रेझिन मुरवायचं — की झाला नवा पाय. जुन्याच्या निम्म्या वजनाचा! कापड हैदराबादहून यायचंय. तोवर साचा फळीवर, इतरांच्या रांगेत. त्याने वर निळ्या पेन्सिलीने लिहिलं — आरती मॅडम, केमिस्ट्री.
"नुसतं आरती लिही की."
"आरत्या लई हायत, ताई."
भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकले होते तेव्हा बाहेर बसून माझ्याशी बोलत राहिलेला हाच. माझा राखीचा भाऊ. मी शिकवते त्या क्लासमध्ये मात्र पायाचा कुणाला पत्ता नाही. साडी, सावकाश चाल, "गुडघा दुखतो" — भागतं. बिचारी मॅडम व्हायचं नाहीये मला.

२ जुलै
क्लासचे मालक भीमाशंकर सर म्हणाले, "मॅडम, तुमची बॅच तळमजल्यावर घेतली. जिन्याचा त्रास नको उगं."
त्रास कुणाला? विचारायची हिंमत झाली नाही. वर्गात गेले तर फळ्याजवळ खुर्ची! दुसऱ्या कुठल्या सरांना नसते. कानशिलं तापली.

९ जुलै
मी खुर्ची कोपऱ्यात सरकवते, दुसऱ्या दिवशी ती परत फळ्याजवळ.
आई सोडली तर लातुरात हे एकालाच ठाऊक आहे. ज्याच्यासमोर पाय काढून बसते, त्यानेच केसाने गळा कापावा? रडू येतंय, आणि त्याचाही राग येतोय.

१५ जुलै
सुदर्शनकडे गेले. सरळ विचारलं.
"मी कुनाला काय बी सांगितलं न्हाई, ताई. तुझी शप्पथ."
"मग त्यांना काय स्वप्न पडलं?"
मी फळीवरून माझा साचा उचलला आणि फरशीवर आपटला. तो खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. म्हणाला, "साचा फोडायचाच असतोय, ताई. पन पाय झाल्यावर."
निघून आले. जुना पाय काचतोय. काचू दे.

२ ऑगस्ट
राखीपौर्णिमा. गेले नाही. त्याचा फोनही नाही. चोराच्या मनात चांदणं!

६ ऑगस्ट
तास संपल्यावर श्रद्धा मागे राहिली. जळकोटची, शेवटच्या बाकावरची, नेहमी सगळ्यांच्या नंतर निघणारी. तिने सलवार जराशी वर केली. काळा, कार्बनचा, कोरा पाय.
"सरांना मीच म्हनले, मला जिना चढवत न्हाई, बॅच खाली घ्या. तुमचं नाव न्हाई घेतलं, मॅडम. खुर्ची बी मीच ठेवते."
तुला कसं कळलं, विचारलं.
"सुदर्शनदादाच्या फळीवर माझा साचा तुमच्या शेजारीच होता. नाव वाचलं, म्हनून तर तुमची बॅच घेतली." मग हसली. "परवा पाय आनायला गेले, तर तुमची जागा रिकामी. तुमचा बी झाला ना पाय?"
हो म्हटलं. आणि त्या खुर्चीवर बसले.