न बघता दिलेली ओ

११ ऑगस्ट, घाटघर

पोचलो एकदाचा. जुन्नरहून एसटीने येताना अर्धा रस्ता खड्ड्यांचा आणि उरलेला ढगांचा. काम ऐकून कोणीही हसेल. रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पांढऱ्या पेटीतलं हवेच्या दाबाचं यंत्र वाचायचं, आकडा पुण्याच्या कंपनीला कळवायचा आणि दिवसभर हुंदडायचं. विमानाच्या कॉकपिटमधून थेट इथे! घरमालक जानकूबाबा सत्तरीचे, मितभाषी. त्यांच्या वाट्याचं सगळं त्यांच्या पत्नी झुंबरबाई बोलतात. नाचणीची भाकरी आणि बोंबलाची चटणी होती. लाजू नका पावणं, म्हणत त्यांनी चौथी भाकरी वाढली आणि मी ती खाल्लीही. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१२ ऑगस्ट

दाब ९२१. धुकं इतकं, की दहा पावलांवरची पेटी चाचपडत शोधली. झुंबरबाईंनी इथली रीत सांगितली. धुक्यात हाक आली तर तोंड दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही. भातखाचरात तण बेणणाऱ्या बायासुद्धा आधी एकमेकींना हात लावून बघतात, मगच बोलतात. चुकून ओ दिली तर काय होतं, असं मी चेष्टेने विचारलं.

"मंग त्यो तुमच्यावर भरवसा ठिवून फुडं चालतो," त्या म्हणाल्या. "आन फुडं कडा हाय."

मी हसलो. पण दुपारभर ते डोक्यातून जाईना.

१३ ऑगस्ट

लिहूनच टाकतो. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या मालकांना घेऊन छोट्या जेटने एका डोंगराळ विमानतळावर ढगातून उतरत होतो. कॅप्टन अमृत चालवत होते, मी शेजारी सहवैमानिक. ढगात धावपट्टी दिसत नाही, सगळा जीव उंचीच्या काट्यावर. त्या काट्याला तिथल्या हवेचा दाब लावावा लागतो. टॉवरने ९९८ सांगितला, आमच्याकडे आधीचा १०१३ तसाच राहिला. म्हणजे काटा दाखवत होता त्याहून आम्ही साडेचारशे फूट खाली होतो. हे घडू नये म्हणून पद्धत आहे: एकाने विचारायचं, दुसऱ्याने स्वतः बघून 'चेक' म्हणायचं. कॅप्टन इथल्याच, जुन्नरजवळच्या डिंगोऱ्याचे, मराठीतच विचारायचे. "दाब लावलास का रं?"

मी मालकांच्या गाडीसाठी ड्रायव्हरला मेसेज टाइप करत होतो. न बघता म्हणालो, चेक.

डोंगराला धडकलो. कॅप्टन गेले, मालक गेले. माझं खांद्याचं हाड मोडलं, बस्स. कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद जळून गेली. चौकशीत मी सांगितलं, कॅप्टननी विचारलंच नाही. शेवटच्या जबाबावर सही करायची मुदत शुक्रवार, २२ तारीख. तिकडे डिंगोऱ्यात त्यांच्या बायकोला, साधनाताईंना, लोक ऐकवतात की तुझ्या नवऱ्याने माणूस मारला. खरं सांगणारा जगात मी एकटा आहे. आणि मी भित्रा आहे.

१६ ऑगस्ट

सकाळी धुक्यात पेटी उघडून आकडा लिहीत होतो. ९२१. अगदी मानेमागून आवाज आला. दाब लावलास का रं?

सवयीने, निव्वळ सवयीने तोंडातून गेलं, चेक.

वळलो. कोणी नव्हतं. गवत मात्र एकेका पावलाएवढं दबत कड्याकडे जात होतं.

१७ ऑगस्ट

दाब ९३८. एका दिवसात इतका चढत नाही. चढायचा तर हे घर पाचशे फूट खाली जायला हवं. कानांना दडे बसलेत, विमान उतरताना बसतात तसे. जानकूबाबांनी मला ओट्यावर नेऊन समोरचा जीवधन दाखवला. डोंगर जाग्याव हाय, म्हणाले.

१९ ऑगस्ट

९५७. पुण्याहून दुसरं यंत्र आलं. तेही ९५७. जेवताना नाकातून रक्त आलं. झुंबरबाईंनी भाकरी बाजूला ठेवली आणि विचारलं, कुणाला ओ दिलीत?

मी म्हणालो, कुणाला नाही.

२० ऑगस्ट

साधनाताई आल्या. पुण्याच्या कंपनीकडून पत्ता काढून, दुपारच्या एसटीने, एकट्या. ओट्यावर बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आदेशभाऊ, तुमी शेजारी व्हता. त्यांनी इचारलं व्हतं का न्हाई, येवढंच सांगा. तुमी सांगाल ते मी मानंन."

त्यांचा चेहरा समोर होता, धुकं नव्हतं, मेसेज नव्हता. तरी म्हणालो, नाही ताई.

बरं, म्हणाल्या. पिशवी उचलून गेल्या. मला माझीच शिसारी आली आहे. तरी धावत गेलो नाही.

२१ ऑगस्ट

९८१. आवाज आता घरात आहे. भर दुपारी, चुलीपाशी. तोच प्रश्न. मी तोंडात पंचा कोंबून बसलोय — जानकूबाबांना म्हणालो, मढला जा, लेकीकडे जा, हे घर खाली चाललंय. ते म्हणाले, पावण्याला ताप हाय, आसं सोडून कसं जायाचं. ही माणसंही माझ्यामुळे —

२२ ऑगस्ट, सकाळ

खिडकीबाहेर सगळं पांढरं. जीवधन नाही. अंगण नाही. फोनला रेंज नाही — चौकशीवाल्यांना सांगता येत नाही. म्हणून इथेच.

साधनाताई, त्यांनी विचारलं होतं.

दोनदा.

पहिल्यांदा मी न बघता हो म्हणालो. हे मी स्वतःशी कबूल केलंय, इथे लिहिलंही — पण दुसऱ्यांदा — दुसऱ्यांदा मी बघितलं, ताई. १०१३ दिसला मला. विमान वर घ्यायला वेळ होता, चांगली वीस सेकंदं. पण एकदा हो म्हणून बसलो होतो, आता चुकलो असं कसं सांगायचं, म्हणून मी परत