एकतीस नाकं आणि एक सोनेरी जंतू

४ मार्च

सोनं सापडलं! खरंच — काचेच्या बशीत! बाळांच्या वॉर्डातून आलेला पू काल मी स्वतः बशीत पसरून उबेच्या पेटीत ठेवला होता. आज बशी बाहेर काढली तर रक्त घातलेल्या लालभडक थरावर गुबगुबीत सोनेरी ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या द्राक्षांचे घोस! लॅबमध्ये लागून तीन महिने झाले, इतकं देखणं काही उगवलं नव्हतं. मी टाळ्याच वाजवल्या.

लॅबचे सर म्हणाले, "अगं, स्टॅफिलोकोकस आहे तो. जावई नव्हे." मग हळूच — "चार बाळांच्या अंगावर फोड आहेत."

टाळ्या थांबल्या.

५ मार्च

चारही बाळांत जंतू एकच. तिघांना नुसते पाण्याचे फोड. तीन नंबरच्या खाटेवरची मुलगी मात्र — नऊ दिवसांची! — भाजल्यासारखी सोलवटली आहे. जंतूचं विष रक्तातून कातडीत उतरतं म्हणे. तिची आई नुसती बघते.

६ मार्च

नाकं! एकतीस नाकं! वॉर्डात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात माझी कापसाची काडी. सर सांगत होते, हा जंतू तिघांतल्या एकाच्या नाकात सुखाने नांदतो, त्या माणसाला पत्ताही नसतो. नाकातला हाताला, हातावरचा बाळाला.

मोठे डॉक्टर असे शिंकले की माझा चष्मा उडाला — आणि 'सॉरी' मीच म्हणाले! सफाईच्या मावशी लाजून लाल: "इतक्या जवळून तर मला नवऱ्यानेही पाहिलं नाही गं!"

रांग लावली मोठ्या सिस्टरांनी. सव्वीस वर्षं त्या वॉर्डात, कुणाची पळायची काय बिशाद! स्वतःची पाळी आली तेव्हा मान वर करून म्हणाल्या, "घाल पोरी. चावत नाही मी."

७ मार्च

दहा बश्यांवर सोनं! पण बाळांचा जंतू कुणाचा? कुठला जंतू कुठल्या औषधाने मरतो ते पाहायला औषधांच्या चकत्या ठेवल्यात, उद्या कळेल. नावं सरांकडे, माझ्याकडे फक्त उलटसुलट नंबर. जेवण जात नाही. आई विचारते, "कुणी भेटलाय का?"

हो, एकतीस जण!

८ मार्च

सतरा! सतरा नंबर! चकत्यांभोवती जंतू मेल्याची हुबेहूब तीच कडी, बाळांच्या जंतूसारखी. टेबलाभोवती नाचले मी. सरांनी यादी काढली, वाचली, चष्मा काढून ठेवला.

मोठ्या सिस्टर.

९ मार्च

सरांबरोबर मीही गेले सांगायला. आधी हसल्या — "माझं नाक? अगं बाई!" मग हात उलटेपालटे करून पाहत राहिल्या. धुऊन धुऊन अंगठ्याला भेग पडलेली. त्या भेगेतही असणार तो. "दिवसातून शंभरदा धुते गं पोरी..."

सर म्हणाले, दोष कुणाचाच नाही, पाच दिवस नाकात मलम लावा, घरी राहा, मग पुन्हा तपासू. सिस्टरांनी ॲप्रनची नीट घडी घातली. "आता बाळाला हात लावायची नाही मी. कधीच."

रात्रभर स्वतःचा राग आला. नाचले कशाला?

१३ मार्च

नवी कातडी! गुलाबी, तलम! वॉर्डात एकही नवा फोड नाही आणि तीन नंबरची बाईसाहेब दुधासाठी असा टाहो फोडते की तीन मजले ऐकू येतं. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले. सिस्टरांना फोन केला. उचलला नाही.

१८ मार्च

सिस्टरांच्या दुसऱ्या तपासणीची बशी कोरी! एक ठिपका नाही! फोटो घेऊन धावत त्यांच्या घरी. दारातच पाहिला, मान हलवली. टेबलावर राजीनामा लिहून तयार.

"उद्या येते द्यायला. आधी त्या मुलीच्या आईला सांगायचंय."

"सिस्टर, कशाला?"

"माझ्या तोंडून कळायला हवं."

१९ मार्च

तीन नंबरच्या खाटेशी उभं राहून सिस्टरांनी सांगितलं. सगळं. ती आई नेहमीसारखी बघत राहिली. मग बाळ उचललं आणि सिस्टरांच्या हातात दिलं.

"धरा जरा हिला. किती दिवस झाले, मला धड आंघोळ मिळाली नाही."