डाव्या बरगडीखाली

४ मार्च
घसा! आवंढा गिळला की काच गिळल्यासारखं होतं. मान दोन्हीकडून सुजली आहे. काचेच्या भट्टीवर फुंकणी तोंडाला लावली, पण श्वासच पुरेना. काचेचा फुगा अर्ध्यात बसला. मिस्त्री म्हणाले, "घरी जा पोरी, चेहरा भलताच दिसतोय तुझा."

५ मार्च
झोपले. उठले. परत झोपले.

६ मार्च
मिस्त्रींनी घसादुखीच्या उरलेल्या गोळ्या पाठवल्या. घेतेय.

१० मार्च
आरशात कोणी दुसरीच! पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या आहेत, अंगभर लाल पुरळ. मी हसले — ती जरा उशिराने हसली. ताप, दुसरं काय. ताई दारातच थबकली. "तूच आहेस ना गं?" थट्टाच केली तिने, पण आत यायला वेळ लावला.

११ मार्च
डॉक्टरीणबाईंनी मान, काखा चाचपल्या, रक्त घेतलं. डाव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि मध्येच थांबल्या. ग्रंथीज्वर. थुंकीतून पसरतो. "एकच फुंकणी दोघं वापरता?" पण मिस्त्री तर ठणठणीत! "ठणठणीत माणसाच्या थुंकीतही असतो हा." मिस्त्रींच्या त्या प्रतिजैविक गोळ्या बंद — विषाणूवर चालतच नाहीत, उलट पुरळ त्यांनीच उठलं. आराम, भरपूर पाणी, तापाची साधी गोळी, पेला वेगळा. आणि त्या बरगडीखालची प्लीहा सुजली आहे, फुटू शकते. जड उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. "डावीकडे पोटात किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखलं तर तडक निघून या."
पोट आणि खांदा? विचारायचं राहिलंच.

१५ मार्च
ताप उतरला. थकवा मात्र — वेणी घालताना हात गळून पडतात. कुशीवर वळले की आत काहीतरी जड, ऊबदार, माझ्यामागून वळतं. ताईला सांगितलं. "असलं काही बोलू नकोस बाई!"

२१ मार्च
सकाळी अगदी बरं वाटत होतं. दुपारी शिंक आली. एकच! पोटात डावीकडे कळ गेली, आणि आता डावा खांदा ठणकतोय. खांद्याला काहीच लागलेलं नाही! ताई म्हणाली, "अवघडला असेल, शेकते." मी म्हटलं, "नाही. गाडी बघ. आत्ता." माझे पांढरेफटक ओठ बघून ती अनवाणीच धावली. घाम सुटलाय. खोली लांब लांब जातेय —

२९ मार्च
प्लीहा फुटली होती; पोटात साचलेल्या रक्तामुळे खांदा ठणकत होता म्हणे. काढली. ती नसली की जंतू चटकन बळावतात, म्हणून आता साधा ताप आला तरी दवाखाना गाठायचा. मी विचारलं, "पण तो विषाणू गेला ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो जन्मभर राहतो. आत निजून."
ताईने माझं पांघरूण सारखं केलं. "मग हळू बोला," ती म्हणाली.